जान किंवा जमीन : मुळशीच्या वाटेवरून दर्शनांकडे पाहताना

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पश्चिमेला निघाले की भूगाव, पिरंगुट, पौड अशी गावे लागतात. पौडपासून एक वाट कोळवणच्या खोऱ्यात शिरते. मुख्य रस्ता पुढे मुळशीच्या धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी घाटाकडे जातो आणि कोकणात उतरतो. कोळवणला चिन्मय मिशनचे 'चिन्मय विभूती' हे मोठे केंद्र आहे. उपनिषदे, गीता आणि शंकराचार्यांचा अद्वैत वेदान्त तेथे शिकविला जातो. धरण टाटा कंपनीचे. ते १९२७ साली पुरे झाले आणि त्याच्या पाण्याखाली मावळ्यांची शेते, घरे, देवळे गेली. म्हणजे या एकाच तालुक्यात एका ठिकाणी जग मिथ्या आहे हा सिद्धान्त समजावून सांगितला जातो. दुसऱ्या ठिकाणी जमीन गमावलेल्या माणसांचा इतिहास पाण्याखाली आहे.

या दोन ठिकाणांचा एकमेकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध आहे आणि तो जवळचा आहे. जग खरे की मिथ्या, माणसाने कर्म करावे की सोडावे, कर्तव्य कशाला म्हणावे हे हिंदू तत्त्वज्ञानाचे जुने प्रश्न आहेत. शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या बांधावर हेच प्रश्न व्यवहाराच्या भाषेत उभे राहिले. या लेखात ते आम्ही मराठी मुसलमान वाचकांपुढे मांडू इच्छितो. दुसऱ्याच्या घरातील वस्तू दाखवावी तसे आम्हाला हे दाखवायचे नाही, कारण या चर्चेत आपले पूर्वजही बसलेले आहेत.

एक नव्हे, अनेक

आपल्या समाजात हिंदू धर्मविचाराविषयी दोन समजुती सरसकट आढळतात. पहिली, हिंदू म्हणजे मूर्तिपूजा, त्यापलीकडे काही नाही. दुसरी सुशिक्षितांची, सगळे हिंदू तत्त्वज्ञान म्हणजे 'सर्व काही ब्रह्म आहे' एवढेच. वस्तुतः या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. भारतीय परंपरेत तत्त्वज्ञानाला 'दर्शन' म्हणतात. दर्शन म्हणजे पाहणे; आणि पाहणारे अनेक असल्याने दर्शनेही अनेक झाली. वेदांना प्रमाण मानणारी सहा दर्शने 'आस्तिक' गणली गेली. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, पूर्वमीमांसा आणि उत्तरमीमांसा म्हणजेच वेदान्त. वेदप्रामाण्य नाकारणारे चार्वाक, जैन आणि बौद्ध 'नास्तिक' ठरले. येथे आस्तिक-नास्तिक हे शब्द ईश्वर मानण्या-न मानण्याशी बांधलेले नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या वाचकाचा पहिला घोटाळा येथेच होतो.

आस्तिक म्हणविणाऱ्या सांख्य दर्शनाच्या अभिजात मांडणीत जगाचा कर्ता ईश्वर नाही. तेथे दोन मूळ तत्त्वे आहेत. एक पुरुष, म्हणजे केवळ पाहणारे चैतन्य. दुसरी प्रकृती, म्हणजे सत्त्व, रज, तम या तीन गुणांनी घडलेले जड. सगळा विश्वपसारा प्रकृतीतून उलगडतो आणि पुरुष स्वतःला त्यात गुंतलेला समजतो. ही समजूत सुटणे म्हणजे मुक्ती. योग दर्शनाने हाच आराखडा घेतला, त्यात ईश्वराला स्थान दिले. पण तो ईश्वरही जगाचा निर्माता नाही, क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श नसलेला एक विशेष पुरुष आहे.

वैशेषिकांनी जगाचे पदार्थांत वर्गीकरण केले आणि अणूंचा सिद्धान्त मांडला. न्याय दर्शनाने ज्ञान खरे कशावरून याचे शास्त्र उभे केले. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही त्यांची चार प्रमाणे. अनुमानाचे त्यांचे ठरलेले उदाहरण डोंगरावरच्या धुराचे आहे. मुळशीच्या शेतकऱ्याला ते वेगळे शिकवावे लागणार नाही. पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपासाठी राब भाजतात तेव्हा लांबच्या माळावर धूर दिसतो आणि पाहणारा म्हणतो, तेथे विस्तव आहे. का? धूर आहे म्हणून. उदाहरण काय? घरातली चूल. नैयायिकांनी हीच साधी गोष्ट पाच पायऱ्यांत बांधली. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. चार्वाक म्हणाला, आम्ही प्रत्यक्षाशिवाय काहीच मानत नाही. धुराबरोबर विस्तव नेहमी असतोच हे तुम्ही सगळ्या काळी, सगळीकडे जाऊन पाहिले आहे काय? नैयायिकांना या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झटावे लागले.

नैयायिकांनीच ईश्वर तर्काने सिद्ध करण्याचा आग्रह धरला. घडा असेल तर कुंभार हवा. जगही कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त हा विचार शेवटास नेला. आपल्याकडील इल्मे-कलामच्या आलिमांनी खालिकच्या अस्तित्वाचे जे अकली पुरावे दिले, त्यांच्याशी याचे नाते सहज लक्षात येते. पण गंमत अशी की वेदांचे सर्वांत कडवे रक्षक जे मीमांसक, त्यांनीच या पुराव्याला विरोध केला. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी जग कोणीतरी एका क्षणी निर्माण केले ही कल्पनाच नाकारली. मीमांसकांच्या मते वेद कोणीही रचलेले नाहीत, ते अनादी आहेत. नैयायिक म्हणत, वेद ईश्वराने रचले म्हणूनच ते प्रमाण आहेत.

हा वाद वाचताना आम्हाला बगदादची आठवण होते. कुरआन अल्लाहचे कलाम असल्याने कदीम आहे की तो मख्लूक आहे, या प्रश्नावर इ.स. ८३३ मध्ये खलिफा मामूनने आलिमांची झडती सुरू केली. मोतझिला पक्ष सत्तेच्या बाजूस होता. इमाम अहमद बिन हंबल यांनी कुरआनला मख्लूक म्हणण्यास नकार दिला, तुरुंग सोसला आणि पुढच्या खलिफाच्या कारकिर्दीत फटके खाल्ले. दोन्ही प्रश्न तंतोतंत एक नाहीत. पण ग्रंथाचे प्रामाण्य कोठून येते हा पेच गंगेकाठी आणि तैग्रिसच्या काठी सारखाच जाणवला होता.

वेदान्ताच्या घरातील भांडण

आज ज्याला सर्रास 'हिंदू तत्त्वज्ञान' म्हटले जाते तो बहुधा वेदान्त असतो, आणि त्यातही शंकराचार्यांचा अद्वैत वेदान्त. आठव्या शतकाच्या आसपास शंकराचार्यांनी मांडले की ब्रह्म हेच एक सत्य आहे, जीव त्याहून वेगळा नाही आणि जग मिथ्या आहे. येथे 'मिथ्या' या शब्दाने गफलत होते. मिथ्या म्हणजे सशाच्या शिंगासारखे मुळात नसलेले, असे ते म्हणत नाहीत. अंधारात दोरी साप भासते. तो भास असेपर्यंत भीती खरी असते, घामही खरा फुटतो. दिवा आणला की साप जातो, दोरी राहते. जग हे असे आहे. त्यांनी सत्तेच्या तीन पायऱ्या मानल्या. स्वप्नातली किंवा भासातली, व्यवहारातली, आणि परमार्थातली. व्यवहारात जग व्यवहारापुरते खरेच आहे. भूक लागली तर भाकरी हवी, आणि भाकरीसाठी शेत हवे.

शंकराचार्यांना वेदान्ताच्या घरातूनच उत्तरे मिळाली. रामानुजाचार्य म्हणाले, जीव आणि जग खरे आहेत, ते ईश्वराचे शरीर आहेत. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी ईश्वर, जीव आणि जड यांच्यातील भेद कायमचा आहे असे ठामपणे सांगितले. आणि आपल्या मराठीत? ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवरची टीका पुरी केली. 'अनुभवामृता'त त्यांनी अज्ञान नावाची काही स्वतंत्र वस्तू असते हे मतच खोडून काढायला एक संपूर्ण प्रकरण दिले. त्यांच्या दृष्टीने जग हा चैतन्याचाच विलास आहे. ज्याचा विलास आहे त्याला टाकून जाण्याचे कारण नाही. वारकरी माणूस घरदार न सोडता, शेत नांगरीत पंढरीला जातो त्याच्यामागे ही भूमिका आहे.

हे भांडण आपल्या तसव्वुफमध्येही झाले. दमास्कसला १२४० मध्ये निधन पावलेले इब्ने अरबी यांच्या विचाराला पुढे 'वहदतुल वुजूद' असे नाव पडले. अस्तित्व एकच आहे, आणि ते हकचे आहे. सुफींनी ते 'हमा ओस्त', सारे तोच आहे, या दोन शब्दांत बसविले. सरहिंदचे शेख अहमद (मृत्यू १६२४) यांनी त्याला हरकत घेतली. साधकाला एकत्वाचा अनुभव येतो हे खरे. परंतु ते पाहण्यातले एकत्व आहे, असण्यातले नव्हे. खालिक हा खालिक आणि मख्लूक ही मख्लूक. 'हमा अझ ओस्त', सारे त्याच्यापासून आहे. या भूमिकेला 'वहदतुश्शुहूद' म्हणतात.

म्हणून हिंदू अद्वैत आणि सुफी वहदत हे एकच, असे टाळ्या घेणारे विधान आम्ही करणार नाही. सुफी कितीही वर गेला तरी रिसालत आणि शरीयत त्याच्या पायाखाली असतात; पुनर्जन्म तो मानत नाही. साम्य आहे ते प्रश्नांत, आणि आपसांत मतभेद ठेवूनही एका परंपरेत राहण्याच्या सवयीत.

आपले पूर्वज या चर्चेत

ही दर्शने मुसलमानांनी वाचली नाहीत असा एक गैरसमज आहे. ख्वारझममध्ये ९७३ साली जन्मलेला अल्बेरूनी संस्कृत शिकला, सांख्य आणि पातंजल योग यांवरील ग्रंथ त्याने अरबीत आणले आणि इ.स. १०३० च्या सुमारास 'किताबुल हिंद' पुरे केले. गझनीच्या महमूदाच्या स्वाऱ्यांचा तो काळ. अशा वेळी त्याने आरंभीच सांगितले की हा खंडनाचा ग्रंथ नाही. हिंदूंचे म्हणणे मी त्यांच्याच शब्दांत देईन. समजून घेण्यातील अडचणीही त्याने मोजून मांडल्या.

दारा शुकोहने १६५७ मध्ये काशीच्या पंडितांच्या मदतीने पन्नास उपनिषदे फारसीत आणली. त्या ग्रंथाचे नाव 'सिर्रे अकबर'. कुरआनात ज्या 'किताबे मक्नून'चा, जतन केलेल्या ग्रंथाचा उल्लेख आहे तो उपनिषदांना लागू पडतो, असे त्याचे मत होते. हे मत आलिमांना पटले नाही आणि पटण्यासारखे नव्हतेही. पण त्याच फारसी ग्रंथावरून आन्केतील द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाने १८०१-०२ मध्ये लॅटिन भाषांतर छापले, ते शोपेनहौअरने वाचले, आणि युरोपच्या तत्त्वज्ञानात उपनिषदे पोहोचली. म्हणजे उपनिषदांचा युरोपकडे जाणारा एक मोठा रस्ता एका मुसलमान शहजाद्याच्या मेजावरून गेला आहे.

हे झाले दूरचे. आपल्या मराठी मुलखात श्रीगोंद्याचे शेख महंमद झाले. 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ देह, मन, विकार आणि आत्मा यांचे युद्ध रणांगणाच्या रूपकातून मांडतो. त्यांचे गुरू चांद बोधले. श्रीगोंद्यातील त्यांच्या मठाशी मालोजीराजे भोसल्यांचे नाव जोडलेले आहे. बिदरच्या बहमनी घराण्याशी नाते सांगणारे शाह मुंतोजी 'मृत्युंजय' या नावाने मराठीत वेदान्त लिहून गेले. हुसेन अंबरखानाने गीतेवर 'अंबरहुसेनी' ही मराठी टीका रचली. रा. चिं. ढेरे यांच्या 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकाने ही नावे अभ्यासकांपुढे एकत्र आणली. आपल्या घरांत मात्र ती अजून पुरती पोहोचलेली नाहीत. आपल्या मुलांना गालिब आणि इक्बाल ऐकून तरी माहीत असतात. शेख महंमद माहीत नसतात. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

मुळशी, १९२१

आता मुळशीकडे वळू. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडायचे, खाली कोकणात भिरा येथे वीज तयार करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी योजना होती. जे पाणी मुळा-भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायचे ते उलटे फिरून अरबी समुद्राकडे जाणार होते. त्यासाठी सुमारे पन्नास गावांना आणि दहा हजारांवर माणसांना झळ बसणार होती. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला. शेतकऱ्यांना न विचारता शेतांत खड्डे खणले गेले.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी धरणाच्या जागी बसून सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी होते. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही मुळशीसाठी तुरुंगवास घडला. या लढ्यातच बापटांना 'सेनापती' हे नाव मिळाले. सत्याग्रहींची घोषणा होती 'जान किंवा जमीन'. वाचकांनी या घोषणेकडे क्षणभर पाहावे. सत्याग्रह हा शब्द संस्कृतातून घडविलेला. पण मावळ्याच्या तोंडून जीव आणि भुई यांसाठी जे शब्द आले, ते जान आणि जमीन, दोन्ही फारसी आहेत. दर्शनांच्या शुद्धतेचे वाद काही असोत, माणूस मरणाच्या निर्धाराने बोलतो तेव्हा भाषेची वाटणी करीत नाही.

या लढ्यामागे कोणते तत्त्वज्ञान होते? लोकमान्य टिळक १९२० च्या १ ऑगस्टला गेले होते. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रातील सुशिक्षितांनी ते भक्तिभावाने वाचले. शंकराचार्यांच्या मते गीतेचे अंतिम सांगणे ज्ञान आणि संन्यास. टिळकांनी दाखविले की गीता लढायला सांगते. ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी, फळाची आस न धरता कर्म करीत राहावे. पुढे गांधीजींनी 'अनासक्तियोग' लिहून (१९३०) त्याच गीतेतून अहिंसा काढली. फलाची आसक्ती सोडलेला माणूस हिंसा करू शकणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. एक ग्रंथ, एक शब्द 'कर्मयोग', आणि तीन वाटा.

बापट या वाटांच्या तिठ्यावर उभे होते. १८८० साली पारनेरला जन्मलेला हा माणूस डेक्कन कॉलेजातून शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोला गेला आणि पॅरिसहून बाँबची कृती शिकून परतला. पुढे गांधीजींचे साधन घेऊन मुळशीत बसला. पण त्यांचा 'शुद्ध सत्याग्रह' गांधीजींचा नव्हता. हेतू शुद्ध असेल, कृत्य उघड असेल आणि शिक्षा भोगण्याची तयारी असेल तर प्रसंगी बळाचा वापरही सत्याग्रहात बसतो, असे ते मानीत. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी साथीदारांसह रेल्वेगाडी अडवून हल्ला केला, स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. त्यांचा हा मार्ग आम्हाला पटतो असे नाही. पण तो त्यांनी जाणून-समजून निवडला आणि त्याची किंमत दुसऱ्याला द्यायला लावली नाही, हे मान्य केले पाहिजे.

याच बापटांनी पुढे श्रीअरविंदांच्या 'लाइफ डिव्हाइन' या ग्रंथाचे मराठी भाषांतर केले. श्रीअरविंदांनी त्यात दोन नकारांचा समाचार घेतला आहे. एक जडवाद्याचा, जो आत्मा नाकारतो. दुसरा संन्याशाचा, जो जग नाकारतो. जमिनीसाठी तुरुंगात गेलेल्या सेनापतीने जग नाकारू न देणारा हा ग्रंथ मराठीत आणावा, यात आम्हाला सुसंगती दिसते. हातात झाडू घेऊन रस्ते झाडणारे बापट महाराष्ट्राने पाहिले, तेही याच विचाराचे अंग.

तरीही मुळशी हरली, आणि का हरली हे पाहिल्याशिवाय तत्त्वज्ञानाची चर्चा पुरी होत नाही. मुळशीतील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. नुकसानभरपाईचा पैसा समोर येताच सावकारांना लढ्यापेक्षा तडजोड सोयीची वाटली; कसणारा कुळवाडी एकटा पडला. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज मिळणार, कोळसा वाचणार, म्हणून हे लोकहिताचे काम आहे असे योजनेचे समर्थक सांगत होते. गीतेतील 'लोकसंग्रह' हा शब्द दोन्ही बाजूंना वापरता येण्यासारखा होता. प्रश्न इतकाच होता की लोकांच्या हितासाठी सोडायचे ते कोणी?

आम्हाला जे मुख्यतः सांगायचे आहे ते येथे आहे. फळाची आशा सोड, हे जग नश्वर आहे, हा उपदेश कोण कोणाला करतो यावर त्याचा अर्थ ठरतो. अर्जुनासारख्या शस्त्रधारी क्षत्रियाला, किंवा स्वतः बापटांसारख्या माणसाला तो बळ देतो. ज्याचे शेत चालले आहे त्या कुळवाड्याला सावकाराने तोच उपदेश केला तर तो फसवणूक ठरतो. आणि हे केवळ हिंदू तत्त्वज्ञानाचे वैगुण्य नाही. आपल्याकडे 'सब्र' आणि 'तकदीर' हे शब्द असेच वापरले गेले. तलाक दिलेल्या बाईला सब्र सांगितला गेला, तिच्या हक्काचा मेहेर मात्र दिला गेला नाही. विणकराला तकदीर सांगितली गेली. सब्र हा मोठा गुण आहे. पण तो मागण्याचा अधिकार जुलूम करणाऱ्याला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अद्वैताला नेमका हाच प्रश्न विचारला. सर्वांच्या ठायी एकच ब्रह्म आहे हा सिद्धान्त लोकशाहीचा भक्कम पाया होऊ शकला असता, मग त्यातून समता का निपजली नाही? त्यांचे हे लेखन 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले. ज्या शंकराचार्यांनी सर्वांत एकच आत्मा पाहिला त्यांनीच शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. परमार्थातले एकत्व व्यवहाराच्या पायरीवर उतरलेच नाही.

कोळवणचा वर्ग

चिन्मय मिशनचे संस्थापक स्वामी चिन्मयानंद केरळातील एर्नाकुळमचे. तरुणपणी ते पत्रकार होते. साधूंचे पितळ उघडे पाडायच्या इराद्याने ते ऋषिकेशला गेले आणि स्वतःच संन्यासी झाले. १९५१ च्या अखेरच्या दिवशी त्यांनी उपनिषदांवरचे आपले पहिले जाहीर सत्र सुरू केले, ते पुण्यात, इंग्रजी भाषेतून. वेदान्त असा चारचौघांत आणि परक्या भाषेत सांगू नये, असे म्हणणारे कर्मठ तेव्हाही होते. त्यांनी ते मानले नाही. अधिकाराची जुनी चौकट या अर्थाने त्यांनी मोडली, आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की १९६४ मध्ये पवईच्या सांदीपनी साधनालयात, म्हणजे त्यांच्याच आश्रमात, विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. ही संघटना पुढे अयोध्येच्या आंदोलनात अग्रभागी राहिली. ६ डिसेंबर १९९२ नंतरच्या दिवसांत मुंबईत आणि इतरत्र आपल्या लोकांनी जे भोगले ते या अंकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. मनात प्रश्न येतो : दुसरा कोणी नाहीच असे सांगणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या अंगणात 'दुसऱ्या'ची यादी कशी तयार होते?

हा प्रश्न आम्ही टोमणा म्हणून विचारत नाही. प्रत्येक परंपरेला हा प्रश्न विचारता येतो. तौहीद सांगणाऱ्या समाजात बिरादऱ्या कशा टिकल्या, नमाजच्या सफेत खांद्याला खांदा लावणारे लग्नाच्या वेळी वेगळे का होतात, हा त्याचाच दुसरा चेहरा. सिद्धान्त आणि आचरण यांच्यात अंतर पडते तेव्हा सिद्धान्त फेकून द्यायचा की आचरणाला त्याच्यापुढे उभे करायचे? मुळशीच्या मावळ्यांनी दुसरा मार्ग घेतला. 'सत्य' हा उपनिषदांतला शब्द त्यांनी आग्रहाला जोडला आणि तो घेऊन कंपनीच्या दारात बसले.

पूर्वपक्षाची रीत

या दर्शनांकडून घेण्याजोगी एक गोष्ट आम्हाला विशेष मोलाची वाटते. ती म्हणजे पूर्वपक्षाची रीत. आपले मत मांडण्यापूर्वी विरोधकाचे मत, तो स्वतः मांडील त्याहून कमी ताकदीने नव्हे, अशा रीतीने मांडायचे आणि मगच उत्तर द्यायचे. चार्वाकांचे बहुतेक ग्रंथ नष्ट झाले. त्यांचे विचार आज जे कळतात ते मुख्यतः विरोधकांनी पूर्वपक्ष म्हणून लिहून ठेवले म्हणून. हीच रीत अल्बेरूनीने आपल्या पद्धतीने पाळली. आपल्या फिकहच्या ग्रंथांतही दुसऱ्या इमामाचे मत नावानिशी आणि दलिलीसह देण्याची शिस्त आहे.

आज ही रीत दोन्ही बाजूंनी सुटली आहे. आपल्याविषयी लिहिणारा बहुधा आपल्याला न विचारता लिहितो. आपणही त्यांच्याविषयी ऐकीव बोलतो. सुरुवात आपल्यापासून व्हावी असे आम्हाला वाटते. आपल्या मोहल्ल्यातील वाचनालयांत शेख महंमदांचा 'योगसंग्राम' असावा, 'किताबुल हिंद'चे भाषांतर असावे, आणि दर्शनांची ओळख करून देणारे एखादे सरळ मराठी पुस्तक असावे. ईमानाला त्याने धोका नाही. अल्बेरूनीच्या ईमानाला तो झाला नव्हता. आणि मग आपल्या हिंदू मित्रांना आपण हक्काने म्हणू शकू की आमचाही पूर्वपक्ष नीट वाचा.

मुळशीचे धरण आज उभे आहे, भिऱ्याला वीज तयार होते, आणि कोळवणला वेदान्ताचे वर्ग भरतात. त्या वर्गात बसलेल्या कोणा विद्यार्थ्याने सुट्टीच्या दिवशी धरणाच्या काठावर जावे आणि पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे विचारून घ्यावीत. आपल्यातल्याही कोणी त्याच्याबरोबर जावे. नावे सांगणारी म्हातारी माणसे त्या गावांच्या वंशजांत अजून भेटतील.